रात्रीतून बसणारं चाक

आज बोलायचंय सायकलच्या चाकातून हळूहळू जाणाऱ्या हवेबद्दल. हसू नका. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी नववीत आहे, शाळा साडेतीन किलोमीटरवर. दिवाळीनंतर तिची सायकल भिंतीला टेकून पडलेली दिसली. विचारलं तर ताई म्हणाल्या, "हवाच टिकत नही माय." संध्याकाळी भरली की सकाळी चाक बसलेलं. फाट्यावरच्या दुकानात दोनदा नेली. त्यानं हवा भरून दिली, पंक्चर सापडत नाही म्हणाला. तिसऱ्यांदा कोण नेणार? वडील म्हणाले, राहू द्या, तसंही परीक्षेपुरतं गेलं तरी चालतं. तीन आठवडे पोरीचे गेले.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, आपल्या जळगाव-धुळ्याच्या काही तालुक्यांतही मिळाल्या. सायकल मिळते, पण ती चालती कशी ठेवायची हे सांगायला कोणी येत नाही. म्हणून हे बोलणं.

काटा घुसून फस्सकन हवा गेली तर पंक्चर कुठेय ते लगेच कळतं. त्रास देतं ते हळू पंक्चर. त्याचं छिद्र सुईच्या टोकाहून बारीक असतं. ट्यूब टायरच्या आत असते तेव्हा ते दाबलेलं असतं, हवा चोरपावलांनी जाते. म्हणून दुकानात घाईघाईत पाहिलं की सापडत नाही.

पण ट्यूब बाहेर काढण्याआधी व्हॉल्व्ह पाहा. आपल्या साध्या सायकलींना बहुतेक जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह असतो. आत पितळेची बारीक नळी, तिच्या बाजूला छिद्र, आणि त्यावर चढवलेली रबराची छोटी नळी, जिला दुकानात वालट्यूब म्हणतात. पंपाची हवा त्या रबराला ढकलून आत जाते. परत यायला लागली की आतल्याच दाबानं रबर छिद्रावर चिकटून बसतं. काम सोपं, पण रबर आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते वाळतं, तडकतं, आणि चाक रात्रीतून बसतं. तपासायला चाक फिरवून व्हॉल्व्ह वर आणा, टोपण काढा आणि तोंडावर बोटानं पाण्याचा किंवा थुंकीचा थेंब ठेवा. बुडबुडा फुगला तर चोर सापडला. नट सोडवा, पितळी नळी बाहेर काढा, जुनं रबर खरवडून टाका, नवं ओलं करून छिद्राच्या पुढेपर्यंत चढवा, नट घट्ट करा. किती ट्यूबा उगाच फेकल्या जात असतील, देव जाणे. त्या पोरीच्या सायकलीची वालट्यूबही तडकलेली निघाली. ती बदलली. तरी सकाळी चाक अर्धं बसलेलं.

मग ट्यूब काढावी लागली. एक गोष्ट मात्र आधी करा: व्हॉल्व्हजवळ टायरवर खडूनं खूण करा. पुढे कळेल का ते. टायर रिमवरून उतरवायला दोन पसरट पट्ट्या लागतात. स्क्रू ड्रायव्हर घातलात तर एक भोक शोधता शोधता दुसरं पाडाल, हे मी केलेलं आहे.

ट्यूब बाहेर आल्यावर तिच्यात हवा भरा, टायरमध्ये असते त्याहून जाड होईपर्यंत, पण फुग्यासारखी ताणू नका. रबर ताणलं की दाबलेलं छिद्र उघडतं. आता घमेल्यात पाणी घेऊन ट्यूबचा हातभर भाग बुडवा. पाण्यात घालताना अंगाला चिकटलेले बुडबुडे बोटानं पुसून टाका, नाहीतर तेच फसवतात. मग हात न हलवता थांबा. एका जागेवरून एकामागोमाग मण्यांसारखे बुडबुडे येत राहिले की तीच जागा. काहीच दिसलं नाही तर साबणाच्या पाण्यानं ट्यूब पुसा, बारीक गळतीला तिथं फेस धरतो. विहीर आटलेली असेल, पाणी वाया घालवायचं नसेल तर ट्यूब गालाजवळून हळूहळू फिरवा, गालाला वारा लागतो. ही रीत जगभर तीच आहे. गोव्यात मोरजीमच्या समुद्रावर माणसाला पाण्यावरून ओढत नेणारे मोठे पतंग उडवतात. त्यांच्या कडेला कापडी खोळीत हवेची लांब पिशवी असते, तिची गळतीही साबणाच्या पाण्यानंच शोधतात. तिचं प्लास्टिक मात्र वेगळं, त्याला आपलं सायकलचं सोल्युशन चालत नाही.

छिद्र सापडलं की बॉलपेननं भोवती मोठी खूण करा, आणि लगेच ठिगळ लावायला बसू नका. ट्यूब टायरवर ठेवा, व्हॉल्व्ह खडूच्या खुणेशी जुळवा. छिद्राच्या समोरच टायरमध्ये कारण लपलेलं असतं. आपल्याकडे बहुधा वेड्या बाभळीचा काटा नाहीतर सराटा. बाहेरचा भाग मोडून गेलेला असतो, आतलं टोक राहतं. जुन्या कापडाची चिंधी टायरच्या आतून फिरवा, जिथं धागा अडकेल तिथं काटा. बोटानं चाचपू नका. काटा तसाच ठेवलात तर चांगलं ठिगळही चार दिवसांत वाया. छिद्र टायरच्या नव्हे तर रिमच्या बाजूला असेल तर आरीचं टोक वर आलंय किंवा रिमवरची पट्टी सरकलीय. आणि शेजारी शेजारी दोन छिद्रं असतील तर हवा कमी असताना खड्ड्यात चाक आदळलंय, ट्यूब रिममध्ये चिमटली गेलीय.

ठिगळाला घाई चालत नाही. जागा पूर्ण कोरडी करा, काचपेपरनं ठिगळापेक्षा मोठा भाग खरडा, चकाकी जायला हवी. सोल्युशनचा पातळ थर द्या आणि थांबा, ओलसरपणा जाऊन बोटाला नुसता चिकटपणा लागेपर्यंत. बहुतेकींचं इथंच चुकतं. ओल्यावर ठिगळ ठेवलं की ते सरकतं आणि कडेनं सुटतं. मग ठिगळ मधून कडेकडे जोरात दाबा, तांब्याच्या बुडानं दाबलं तरी चालेल. वर थोडी टाल्कम पावडर टाका म्हणजे ते टायरला चिकटणार नाही. सोल्युशन लगेच पेट घेतं, त्यामुळे चुलीपासून लांब बसा आणि लहान पोरांना वास घेऊ देऊ नका. छिद्र अगदी व्हॉल्व्हच्या बुडाशी असेल तर ठिगळ टिकत नाही. तिथं नवी ट्यूबच घ्या.

एवढं करूनही महिन्याभरात हवा थोडी कमी होणारच. रबरातून हवा झिरपते. साध्या रबरातून लवकर, ब्युटाइलच्या ट्यूबमधून हळू. तो काही दोष नाही. हवेचं टायर लोकांना देणारा जॉन डनलॉप बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर होता. त्यानं ते आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी बनवलं आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. त्याच्याही घरी हवा भरावी लागतच असणार.

त्या पोरीच्या ट्यूबमधून सराट्याचं टोक निघालं, तांदळाच्या कणीएवढं. ठिगळ तिनंच लावलं. आता गटाच्या पैशातून एक पंप, दोन पट्ट्या, काचपेपर, सोल्युशन आणि वालट्यूबची पुडी घेतली आहे. पेटी अंगणवाडीशेजारच्या घरी असते, नेणारीनं वहीत नाव लिहायचं. मागच्या आठवड्यात पंप दोन दिवस परत आला नाही, त्यावर मासिक बैठकीत बोलायचं आहे.