चॅम्पियन टीम का मोडली? समजून घ्या एनबीएचं 'सेकंड एप्रन'

फोनवर 'स्टोरेज फुल' आलं की आवडते व्हिडिओसुद्धा उडवावे लागतात ना? २०२५ च्या उन्हाळ्यात बॉस्टन सेल्टिक्सचं तसंच झालं.

२०२४ ला हीच टीम १८ व्यांदा चॅम्पियन झाली. फायनलसाठी मी सकाळी सहाचा अलार्म लावायचो. मग २०२५ मध्ये ड्रू हॉलिडे पोर्टलंडला, क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस अटलांटाला, अल हॉर्फर्ड गोल्डन स्टेटला. असं का?

एनबीएमध्ये टीमच्या एकूण पगारावर टप्प्याटप्प्यानं बंधनं येतात. सगळ्यात वरची रेषा म्हणजे 'सेकंड एप्रन'. २०२५-२६ साठी ती सुमारे २०.७८ कोटी डॉलर. फोनचं बरं असतं, पैसे भरले की क्लाउडवर जागा मिळते. इथे लक्झरी टॅक्स भरूनही हात बांधलेलेच! उदाहरणार्थ, दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू ट्रेडमध्ये आणता येत नाही.

त्यात मे २०२५ मध्ये स्टार खेळाडू जेसन टेटमचा अकिलीस टेंडन फाटला. तो नसताना एवढा खर्च कशासाठी?

हॉलिडे गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. पण हिशेब कळल्यावर मॅनेजमेंटवरचा राग मात्र गेला.