मिरचीवरचा जुना आळ

पोटात अल्सर म्हटलं की आपण आधी मिरचीला दोष देतो, मग टेन्शनला. खरा गुन्हेगार बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा पिळदार जिवाणू असतो. जठराच्या आम्लात काही जगूच शकत नाही, असं डॉक्टरही मानत. पण हा पठ्ठ्या युरियापासून अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारतो! ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे डॉक्टर रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना 1982 मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवता आला, तोही ईस्टरच्या सुट्टीत बश्या जास्त दिवस तशाच राहिल्या म्हणून. आजार हाच जिवाणू करतो हे दाखवायला 1984 मध्ये मार्शलनी जिवाणूंचं पाणी स्वतःच प्यायलं. काही दिवसांत उलट्या, जठराला सूज. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

कुणी म्हणेल, मार्शलना अल्सर कुठे झाला? आणि हा जिवाणू कोट्यवधी लोकांच्या पोटात असतो, सगळ्यांना का होत नाही? बरोबर. जिवाणूची जात, माणसाची प्रकृती, धूम्रपान यांनी फरक पडतो. काही वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होऊ शकतो. पण अँटिबायोटिक्सनी जिवाणू गेला की अल्सर सहसा परत उलटत नाही, हा पुरावा मला निर्णायक वाटतो. मिरची जळजळ वाढवेल, एवढंच. तेव्हा महिनोन्महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाण्याआधी डॉक्टरांना या जिवाणूच्या तपासणीबद्दल विचारा.