मनीला मधुमेह झाला तर

म्हातारी मनी सारखी पाणी पिते, भरपूर खाऊनही वाळत चालली आहे? वयाला दोष देऊ नका. हा मधुमेह असू शकतो. पण थायरॉइड बळावल्यास किंवा मूत्रपिंडे थकल्यासही तहान वाढते, वजन घटते. कधी हे विकार एकत्रही असतात. म्हणून रक्त आणि लघवी दोन्ही तपासून घ्या.

मधुमेही मांजराला बहुधा दर 12 तासांनी इन्सुलिन द्यावे लागते. डोस वाढवूनही साखर उतरत नसेल, तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ हेही कारण असू शकते. डोस मनाने वाढवू नका.

सिरिंजही नीट पाहा. आपल्याकडे दर मिलिलिटरला 40 आणि 100 युनिट, असे दोन्ही प्रकारचे इन्सुलिन मिळते. 100चे औषध 40च्या सिरिंजने दिल्यास अडीचपट डोस जातो! मनी झोकांड्या खाऊ लागली, तर हिरड्यांना मध चोळून तडक दवाखाना गाठा.

मधुमेहाला भरपूर प्रथिने हवीत, थकलेल्या मूत्रपिंडांना बेताची. हा मेळ डॉक्टरांनाच घालू द्या. मनीने खाणेच सोडले, तर मात्र त्यांना विचारल्याशिवाय इन्सुलिन टोचू नका.