बायोस उघडत नाही? भाग परत पाठवण्याआधी एवढं बघा

थँक्सगिव्हिंगचे सेल जवळ आले की आपल्या मंडळातल्या दोन-चार घरांत तरी डायनिंग टेबलाचा ताबा संगणकाचे सुटे भाग घेतात. प्रोसेसर एका दुकानातून, रॅम दुसरीकडून, ग्राफिक्स कार्ड मित्राच्या मोठ्या भावाकडून. मुलं व्हिडिओ बघून सगळं नीट जोडतात. बटण दाबलं की पंखे फिरतात, रंगीत दिवे लागतात आणि स्क्रीन मात्र काळी ती काळीच. किंवा स्क्रीन लागते, पण 'डिलीट' कितीही दाबलं तरी बायोस काही उघडत नाही. इथे मुलांचा उत्साह मावळतो, आई-बाबा खर्चाचा हिशोब काढतात आणि "मदरबोर्डच खराब निघाला" म्हणत खोकी परत भरायला घेतली जातात.

मदरबोर्ड खरंच खराब असू शकतो. पण तिथवर पोचण्याआधी विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत आणि ते ओळीने विचारायला हवेत.

यंदा हा विषय जास्त घरांत निघेल. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं, आणि या दोन्हींची सेटिंग्ज बायोसमध्येच असतात. म्हणजे गेमिंगशी ज्यांचा काही संबंध नाही, त्यांनाही कधीतरी या दारातून आत जावं लागणार.

बायोस म्हणजे नक्की काय?

बेसिक इनपुट आउटपुट सिस्टीम. गॅरी किल्डॉल यांनी १९७० च्या दशकात सीपी/एम या प्रणालीसाठी हे नाव वापरलं आणि १९८१ च्या आयबीएम पीसीनंतर ते सगळीकडे रुजलं. आजच्या मदरबोर्डवर असते ती खरं तर यूईएफआय नावाची नवी पद्धत, पण बोलताना सगळे 'बायोस'च म्हणतात.

लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच: बायोस हार्ड डिस्कवर नसतो, मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये असतो. त्यामुळे तो उघडायला विंडोज लागत नाही, एसएसडीही लागत नाही. वीज, प्रोसेसर आणि त्याचा पंखा, रॅमची एक स्टिक, चित्र दाखवणारी एक केबल आणि एक कीबोर्ड एवढं पुरतं. म्हणून अडलात तर आधी मशीन बंद करून पॉवर केबल काढा, मग बाकी सगळं काढून ठेवा आणि फक्त एवढ्यावर चालू करून बघा.

स्क्रीन काळीच असेल तर

पहिलं, मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डातच हवी, मदरबोर्डच्या मागच्या पोर्टात नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतं, त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. रायझन ५००० मालिकेत नावात 'जी' नसलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरचंही तेच. अशा वेळी मदरबोर्डच्या पोर्टातून काहीच दिसणार नाही. मॉनिटरवर योग्य इनपुट निवडलंय का, तेही एकदा बघा.

दुसरं, वीज. मदरबोर्डला चोवीस पिनांची मोठी केबल लागते हे सगळ्यांना दिसतं. पण वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी आठ पिनांची वेगळी जोडणी असते, ती राहून जाते. ती नसली तरी पंखे फिरतात, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. मोठ्या ग्राफिक्स कार्डाचीही स्वतःची केबल असते.

तिसरं, रॅम. चार खाचा असतील तर दोन स्टिक साधारणपणे प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. मदरबोर्डवर ए२ आणि बी२ असं लिहिलेलं असतं. चाचणीसाठी एकच स्टिक ए२ मध्ये लावा आणि 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा.

चौथं, आणि सगळ्यात अवघड: थांबा. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा चालू होताना मदरबोर्ड तिच्याशी वेग आणि व्होल्टेज जुळवून बघतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्याला कित्येक मिनिटं लागू शकतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळातल्या टेन्थ ग्रेडमधल्या एका मुलाचा फोन आला. उन्हाळाभर शेजाऱ्यांची लॉन कापून साठवलेल्या पैशांतून त्याने भाग घेतले होते आणि परत पाठवायचं लेबलही छापून ठेवलं होतं. "काका, मी आठ-दहा वेळा चालू-बंद केलं." दर वेळी तो एका मिनिटात बटण दाबून ते काम मध्येच तोडत होता. त्याला सांगितलं, आता चालू कर आणि जेवून ये. ताटावरून उठेपर्यंत बायोस समोर उघडलेला होता. तेव्हा नवी रॅम असेल तर पंधरा मिनिटं हात मागे ठेवा.

थांबूनही काही झालं नाही, तर मदरबोर्डवरचे चार बारीक दिवे बघा. बऱ्याच नव्या बोर्डांवर ते असतात आणि त्यांच्याशेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं लिहिलेलं असतं. जो दिवा लागून राहतो, तिथे गाडी अडली आहे. डीरॅमचा दिवा असेल तर रॅम काढून पुन्हा लावा, व्हीजीएचा असेल तर ग्राफिक्स कार्ड बघा. आंधळेपणाने सगळं उचकटण्यापेक्षा हा दिवा वाचणं केव्हाही बरं.

स्क्रीन लागते, पण बायोस उघडत नाही

आसुस, एमएसआय, गिगाबाइट आणि एएसरॉक या चौघांच्या बोर्डांवर 'डिलीट' चालतं. आसुस आणि एएसरॉकवर 'एफ२' सुद्धा. तयार डेस्कटॉपमध्ये डेलला बहुधा 'एफ२' आणि एचपीला 'एफ१०' असतं. बटण दाबून धरू नका. मशीन चालू केल्या क्षणापासून टकटक दाबत राहा.

तरीही नाही? मग कीबोर्ड बघा. ब्लूटूथ कीबोर्डवर इथे भरवसा ठेवू नका. वायरचा साधा कीबोर्ड आणा आणि कॅबिनेटच्या पुढच्या नव्हे, मदरबोर्डच्या मागच्या यूएसबी २.० पोर्टात लावा. छोट्या कीबोर्डवर 'एफ२' साठी 'एफएन' बटणही सोबत दाबावं लागतं.

विंडोज आधीच टाकलेलं असेल आणि 'फास्ट बूट' चालू असेल, तर बटण दाबायला वेळच मिळत नाही. तेव्हा उलट्या दिशेने जा. विंडोजमध्ये 'शिफ्ट' दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडा. पुढे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज या वाटेने गेलं की मशीन स्वतःच बायोसमध्ये उघडतं.

बोर्ड प्रोसेसरला ओळखत नसेल तर

काही वेळा दुकानातला बोर्ड प्रोसेसरपेक्षा जुना असतो. उदाहरणार्थ, बी४५० चिपसेटचे बोर्ड २०१८ मध्ये आले आणि रायझन ५००० मालिका २०२० च्या शेवटी. बायोस नवा केल्याशिवाय हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. बोर्डाच्या मागे 'फ्लॅशबॅक'सारखं बटण असेल तर काम सोपं आहे. एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर कंपनीच्या साइटवरची फाइल घ्यायची, माहितीपुस्तिकेत दिलेलं नाव तिला द्यायचं आणि ठरलेल्या पोर्टात लावून बटण दाबायचं. या कामाला बायोस उघडावा लागत नाही.

मात्र अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये. नाशिकच्या भाच्याला फोनवरून मदत करत असाल, तर यूपीएस असल्याशिवाय हे करू नकोस असं त्याला बजावा. इथेही वादळाच्या रात्री हे काम काढू नका.

शेवटचा उपाय आणि त्याची किंमत

सगळं करून थकलात तर बायोसची सेटिंग्ज मुळावर आणता येतात. पॉवर केबल काढा, बोर्डावरची सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी काढून पाच मिनिटं बाजूला ठेवा आणि परत बसवा. काही बोर्डांवर यासाठी बटण किंवा दोन पिना असतात.

कोऱ्या मशीनवर हा उपाय बेधडक करा, तिथे गमावण्यासारखं काही नाही. पण ज्यावर विंडोज आणि घरातले फोटो आहेत, तिथे आधी थांबा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क अनेकदा आपोआप एन्क्रिप्ट होते आणि तिची किल्ली टीपीएमकडे असते. बॅटरी काढल्यावर, बायोस अपडेट केल्यावर किंवा टीपीएम रीसेट केल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती सापडली नाही आणि दुसरीकडे कॉपी नसेल, तर बारशाचे, मुंजीचे, आजोबांच्या पंचाहत्तरीचे फोटो डिस्कवर असूनही मिळणार नाहीत. कुठलाही दुरुस्तीवाला ते काढून देऊ शकत नाही.

एएमडीच्या काही बोर्डांवर प्रोसेसर बदलल्यावर 'एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय किंवा एन दाबा' असा प्रश्न येतो. की हाताशी नसेल तर 'एन' दाबा.

ही की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून ती आजच उघडून बघा आणि कागदावर उतरवून मदरबोर्डच्या खोक्यात ठेवा. त्याच कागदावर बायोसची आवृत्ती, आत जायचं बटण आणि खरेदीची तारीख लिहा. सेटिंग्जचा फोनने एक फोटो काढा. लक्ष्मीपूजनाला वह्या मांडताना त्यांच्याशेजारी हा कागदही ठेवायला हरकत नाही.