पाणी आणि गाव (भाग 6) : हापसा कोणाच्या वस्तीत?

भिंगारजवळच्या कापूरवाडीहून नगर शहरात पाणी आणणारे निजामशाहीतले खापरी नळ आपण मागच्या आठवड्यात पाहिले. ते पाणी राज्यकर्त्यांच्या हुकमाने आले होते. आज जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला जाऊ. तिथे पाणी आले ते धर्मादाय पैशातून.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले. जुलाबाने सुकलेले मूल औषधाने बरे होई, घरी जाऊन तेच पाणी पिई आणि पुन्हा दवाखान्यात येई. त्यातच 1972 चा दुष्काळ पडला. आपल्याकडे वर माती-मुरूम आणि खाली काळा पाषाण. हाताने खोदलेली विहीर बहुतेक मुरमातल्या पाण्यावर जगते. ते आटले की संपले. त्याखालच्या भेगांतले पाणी काढायचे, तर दाबाच्या हवेवर चालणारे बोअरचे यंत्र हवे. ते गावाच्या ऐपतीबाहेरचे होते. इथे देणगी कामी आली.

पण यंत्र आले तरी भोक कुठे पाडायचे? गावाने ठरवले असते, तर पाटलाच्या वाड्यासमोर किंवा देवळाजवळ. दलितांना तिथे हात लावू दिला नसता. आरोळ्यांनी जागा शोधणाऱ्या भूगर्भतज्ज्ञाशी आधीच बोलून ठेवले होते, की खुणा शक्यतो दलित वस्तीतच करायच्या. पाषाणात पाणी जिथे लागेल तिथेच लागते, तज्ज्ञाशी वाद कोण घालणार? दुष्काळात घागर घेऊन सगळ्यांनाच त्या वस्तीत यावे लागले. शिवाशिव एका दिवसात गेली असे कोणी म्हणणार नाही. पण रोजच्या रांगेत तिला उभे राहायला जागा उरली नाही.

आता खुद्द हापशाकडे वळू. सुरुवातीचे बिडाचे पंप परदेशातल्या एखाद्या शेतघरासाठी बेतलेले होते. आपल्याकडे अख्खे गाव दिवसभर त्यावर हापसणार! युनिसेफने 1974 मध्ये केलेल्या पाहणीत बहुसंख्य पंप बंदच आढळले. उपाय मराठी मुलखातच आकाराला येत होता. जालन्याच्या मिशनच्या कार्यशाळेत आणि पुढे सोलापुरात दणकट पोलादी पंप घडले. सोलापूरच्या पंपाचा पाया धरून ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि पुढे देशोदेशी गेला. तरी एक खोट राहिली. खालच्या सिलिंडरमधला वायसर झिजला, की सगळे पाइप वर ओढावे लागत. त्यासाठी तालुक्याची गाडी आणि माणसे येईपर्यंत हापसा मुका. ‘मार्क थ्री’मध्ये पाइप रुंद केला, म्हणजे दट्ट्या त्यातूनच वर काढता येतो आणि गावातली माणसे दुरुस्ती करू शकतात.

झाकलेल्या पाण्याचा मोठा फायदा नारूच्या बाबतीत दिसला. पायऱ्यांच्या विहिरीत नारूचा रोगी पाय बुडवी आणि जंताची पिल्ले पाण्यात उतरत. हापशाच्या पाण्यात ती वाटच बंद. गाळून पाणी पिण्याची सवय आणि रुग्णशोध यांची जोड मिळाली, आणि 1996 नंतर देशात नारूचा रुग्ण सापडला नाही.

मात्र पंपातून स्वच्छ निघालेले पाणी उघड्या हंड्यात, बुडवलेल्या हातांनी पुन्हा बिघडते. म्हणून जामखेड प्रकल्पाने गावातल्याच बायका आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या. हंडा झाका, हात धुवा, सांडपाण्याला शोषखड्डा काढा, जुलाब झाले की लगेच साखर-मिठाचे पाणी पाजा, हे शेजारणीने सांगितले की पटते.

धर्मादाय संस्थेच्या पाटीवर देणगीदाराचे नाव आणि तारीख असते. तेवढ्यावरून काम जोखता येत नाही. पंप कोणाच्या वस्तीत आहे, वायसर कोण बदलतो आणि घरातला हंडा झाकलेला आहे का, हे विचारावे. यातले एक जरी उत्तर फसले, तर देणगीचा पैसा पाषाणात गेला असे समजा.

(पुढील आठवड्यात : संडास बांधले, वापरते कोण?)