हंड्याला कावीळ झाली होती काय?



आमच्या घरी देव्हारा नाही. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आहेत, रोज त्रिशरण-पंचशील होते, मुलांना २२ प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत. त्यामुळे अंधश्रद्धा ही इतरांच्या घरची गोष्ट, असा आमचा समज होता. धाकट्या मुलाला कावीळ झाली आणि तो समज गळून पडला.

आम्ही कामावरून परतलो, तर मुलाच्या डोक्यावर काविळीची माळ! आमच्या आईने ती एका माळवाल्याकडून आणली होती. आम्ही रागावलो. आई एवढेच म्हणाली, "लेका, माळ वाढते तशी कावीळ उतरते. मी डोळ्यांनी बघितलंय."

आई खोटे बोलत नव्हती. माळ खरोखर वाढते. आमच्या लहानपणी थोरल्या बहिणीलाही अशीच माळ घातली होती. माळ छातीपर्यंत उतरली, पण बहीण वाचली नाही. तेव्हा घरात कुणीही माळेला दोष दिला नाही. पथ्य पाळले नाही, म्हणून दोष तिलाच दिला.

आम्ही राग गिळला. मुलाला दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घेतले. मग तशीच दुसरी माळ आणून घरातल्या रिकाम्या हंड्याच्या गळ्यात घातली. रोज सकाळी आई दोन्ही माळा सुतळीने मोजू लागली. मुलाची माळ वाढत होती आणि हंड्याचीही वाढत होती. पाचव्या दिवशी आई हंड्यापुढे बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "ह्याला रे कुठली कावीळ?"

त्यातले गुपित साधे आहे. वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या सैल गाठींत अडकवलेले असतात. तुकडे वाळून बारीक होतात, गाठी सरकतात, दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ बहुतेकांची विश्रांतीने काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. पण सगळ्यांचीच अशी बरी होत नाही. रोगी गुंगीत जाऊ लागला, उलट्या थांबेनात, रक्त पडू लागले, तर एक दिवसही घालवू नये. गरोदर बाईच्या तर ती जिवावर बेतू शकते. माळेवर विसंबून राहिल्याने जातो तो हाच मोलाचा वेळ.

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते, की येणारा प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, मग मानावे कुणाचे? ही कथा अंगुत्तर निकायात आहे. तथागतांनी 'माझे माना' असे सांगितले नाही. ऐकीव आहे, परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून मानू नका. हिताचे काय, अहिताचे काय, हे स्वतः पारखा, असा त्यांचा उपदेश होता. आम्ही कचेरीत पावती पाहिल्याशिवाय सही करीत नाही. घरात मात्र पिढ्यान् पिढ्या बिनपावतीचा कारभार चालू होता.

गोष्ट इथे संपली असती तर आम्ही खुशीत राहिलो असतो. पण पुढे थोरल्या मुलीची परीक्षा आली. "बाबासाहेबांपुढे मेणबत्ती लाव, पास होशील," असे आम्हीच तिला म्हणालो. कोपऱ्यातून आईने विचारले, "मग ही पण माळच का रे?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ साली दीक्षा घेतली. मधली २१ वर्षे त्यांनी अभ्यासात आणि पारखण्यात घालवली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध देशाला सावध केले. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, हेही त्यांनीच आपल्याला शिकवले. अशा महापुरुषाला आपण नवसाला पावणारा देव करणार काय?

मेणबत्ती आम्ही आजही लावतो, ती कृतज्ञतेची. मागणे मात्र बंद केले. मुलगी मेणबत्ती लावते आणि त्याच उजेडात पुस्तक उघडते.

माताभगिनींनो, आपल्या घरात अजून कुठली माळ लोंबते आहे, ते एकदा पाहा. ती हंड्याच्या गळ्यात घालून बघा. आमच्या अशिक्षित आईला जे जमले, ते आपल्याला का जमू नये?

जय भीम!