एसयूव्हीचा ॲव्हरेज शोरूमात वेगळा, वर्सोवा पुलावर वेगळा!
वसई : शोरूमवाला सांगतो तो ॲव्हरेज पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत काढलेला असतो. गाडी रस्त्यावर नाही, रोलरवर धावते आणि तीही एसी बंद ठेवून. इकडे मुंबई-अहमदाबाद हायवेला वर्सोवा पुलाजवळ कोंडी झाली, की एसी चालू, डिझेल जळतंय आणि किलोमीटर शून्य! त्यात दीड-दोन टनांचं धूड दर वेळी थांबून परत उचलायचं, म्हणजे तेल लागणारच.
खरा ॲव्हरेज आपणच काढावा. पंपावर कट होईपर्यंत टाकी भरा, मीटरचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी तशीच भरताना ४२० किलोमीटरला ३५ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १२. टायरमध्ये हवा कमी असेल, तर तेवढाही पडत नाही. एकट्याला नायगाव स्टेशनच गाठायचं असेल, तर स्कूटर बरी.